वाडवडिलांचा रंधा

वडिलार्जित जमीन मोजून घेता येते, घराच्या खोल्या वाटून घेता येतात. परंतु वडिलार्जित अवजाराचे काय करावे याचे उत्तर कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या आमच्या या सीमाभागात असे घर विरळाच, की ज्याच्या माळ्यावर तरटात गुंडाळलेली एखादी पेटी नाही. कोणाच्या पेटीत करवत व पटाशी असते, कोणाच्या पेटीत चामडे कापण्याची रापी, कोणाच्या पेटीत नुसता अडकित्ता. सणासुदीला घर झाडताना ती पेटी खाली येते, जो तो एकेक वस्तू हाती घेऊन उसासा टाकतो आणि पेटी पुन्हा वर जाते. असे दोन-तीन पिढ्या चालते. मग एके दिवशी दारावर भंगारवाला येतो आणि प्रश्न आपोआप सुटतो.

गेल्या पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर उतरवले तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढेही येऊन उभा राहिला. पेटीत आमच्या आजोबांचा रंधा निघाला. आजोबा सुताराचे काम करीत. खानापूरकडच्या जंगलपट्ट्यातून ते निपाणीच्या बाजूस आले व इकडेच राहिले. तंबाखूच्या वखारींची दारे, बैलगाड्यांची जुवे, घरांच्या चौकटी, चर्चमधील बाके, अशी त्यांची कामे. पटाशीला ते कधी पटाशी म्हणत, कधी उळी. करवतीला कधी करवत, कधी गरगस. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नकाशावर रेषा उमटली, तरी त्यांच्या पेटीत मराठी आणि कन्नड एकाच कप्प्यात नांदत राहिली.

रंधा शिसवीचा, हातभर लांब. लाकूड इतके काळे व तुळतुळीत की पहिल्याने ते लोखंडच वाटावे. पात्यावर तांबडा गंज चढलेला. पाते आवळून धरणारी पाचर दुसऱ्या कोणत्या तरी मऊ लाकडाची असावी. ती वाळवीने खाऊन तिचा केवळ चुरा उरला होता. पुढच्या टोकास एक चीर गेलेली. तळ झिजून पात्याचे तोंड चांगलेच रुंदावलेले. पात्यावरचा ठसा बहुतेक पुसट झाला आहे; ‘शेफील्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ एवढी अक्षरे मात्र लागतात.

घरात तीन मते झाली. पुण्यास राहणारे आमचे थोरले बंधू म्हणाले, तो नीट घासून, चकचकीत रोगण देऊन काचेच्या कपाटात ठेवावा. पाहुण्यांनी विचारले की आजोबांची गोष्ट सांगता येईल. बेळगावात लाकूडकाम करणारा आमचा पुतण्या म्हणाला, “काका, अवजार कपाटात ठेवायचे तर त्याला अवजार कशाला म्हणायचे? तळ रंधून सरळ करतो, नवी मूठ बसवतो, पात्याला धार लावतो आणि कामाला घेतो.” तिसरे मत आमच्या आत्याबाईंचे. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. त्यांनी रंधा मांडीवर घेतला, त्याच्यावरून हात फिरवला आणि मागच्या बाजूच्या एका खळग्यात स्वतःच्या डाव्या हाताचा तळवा ठेवला. तो तेथे अचूक बसला. मग म्हणाल्या, “बाबा डावखुरे होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?”

आम्हांस ठाऊक नव्हते. आजोबांचे एकच छायाचित्र घरात आहे; त्यात ते हाताची घडी घालून उभे आहेत. आम्ही नातवंडांनी त्यांना काम करताना पाहिलेले नाही. ते डावखुरे होते ही गोष्ट आता जगात दोनच ठिकाणी उरली होती: आत्याबाईंच्या स्मरणात आणि त्या लाकडाच्या खळग्यात. थोरल्या बंधूंचा कागद आणि पुतण्याची नवी मूठ यांनी पहिल्याच तासात तो खळगा पुसून टाकला असता. आत्याबाईंनी दोन वाक्यांत आपला निकाल दिला: “बाबांनी तो भिंतीवर टांगण्यासाठी केला नव्हता. पण त्यांचा हात मात्र पुसू नका.”

वाचकहो, ही दोन वाक्ये ऐकायला जितकी सोपी, तितकी पाळायला अवघड आहेत. अवजार वापरावे तर ते झिजते. झिजू देऊ नये तर ते वापरता येत नाही. या पेचातून वाट काढण्यापूर्वी हे अवजार मुळात काय आहे, ते समजून घ्यावे असे आम्ही ठरविले आणि खानापूरकडच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे ते घेऊन गेलो.

मिस्त्रींनी प्रथम लाकडाकडे पाहिलेच नाही. त्यांनी पाते बाहेर काढले, त्याची उतरती धार दगडावर दोन-चार वेळा हलकेच ओढली आणि उजेडात धरली. त्या उतारावर दोन रंग दिसू लागले. अगदी कडेला चांदीसारखी चकाकणारी एक बारीक पट्टी, तिच्या वर मळकट राखाडी लोखंड. जुन्या काळी पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त असे. म्हणून कारागीर सगळे पाते पोलादाचे करीत नसत. मऊ लोखंडाच्या पात्याला धारेच्या बाजूस कठीण पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून एकजीव करीत. पोलाद धार धरी आणि लोखंड धक्का सोशी. हे पोलाद मुशीत वितळवलेले असे. इंग्लंडातील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या सुमारास ती रीत बसविली आणि त्यापुढे त्या गावची पाती जगभर गेली. मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानात तर त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होती. ‘वूट्झ’ या नावाने ते पोलाद परदेशी जात असे.

परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. ती पोलादी पट्टी पात्याच्या टोकापासून थोड्याच उंचीपर्यंत असते. धार लावता लावता पाते आखूड होत जाते आणि पट्टी संपली की मागे केवळ लोखंड उरते. ते धार धरीत नाही. मिस्त्रींनी पात्याच्या कडेवर नख फिरवून दाखविले: पोलाद उरले होते ते जेमतेम दीड बोट. म्हणाले, “पाते मेलेले नाही, म्हातारे झाले आहे. रोज कामाला लावाल तर काही वर्षांत संपेल. जपून ठेवाल तर असेच राहील.” म्हणजे वापरणे आणि राखणे यांचा झगडा आमच्या मनात नव्हे, त्या दीड बोट पोलादात होता.

मग त्यांनी लाकूड पाहिले. रंध्याचे तोंड आतून वर रुंद होत गेलेले असते. भुसा अडकू नये म्हणून ते तसेच करावे लागते. त्यामुळे तळ झिजला, किंवा सपाट करण्यासाठी रंधला, की तोंड दर वेळी थोडे अधिक उघडते. तोंड अरुंद असेल तर पात्यापुढची कड लाकडाचे तंतू दाबून धरते आणि साल सलग निघते. ते रुंदावले की तंतू उपटून येतात व लाकूड खरबरीत होते. यावर जुना उपाय असा, की तोंडापुढे तळात एक कठीण लाकडाचा तुकडा कोरून बसवायचा. आणि मिस्त्रींनी बोट ठेवले तेथे, झिजलेल्या तळात, तसा एक तुकडा आधीच बसविलेला होता. रंग किंचित फिका, सांधा असा की नखही शिरू नये. आजोबांनीच तो केव्हा तरी बसविला असणार.

आता पाहा, ‘मूळ रूपात आणणे’ म्हणजे नक्की काय करणे? तुकडा नव्हता ते रूप मूळ, की आजोबांनी तुकडा बसविला ते रूप मूळ, की त्यांनी शेवटचा हात टाकला त्या दिवशी जे होते ते? हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या जगभरच्या जाणकारांनी १९६४ साली व्हेनिस येथे जमून एक सनद तयार केली. एखाद्या वास्तूत निरनिराळ्या काळांत जी रास्त भर पडली, तिचा मान राखावा; जेथे तर्काने अंदाज करण्याची पाळी येते तेथे दुरुस्ती थांबवावी; आणि हरवलेला भाग नवा बसवावा तो विजोड दिसू नये, तरी जुन्यापासून ओळखू यावा, असे त्या सनदेचे सार आहे. ती लिहिली राजवाडे, मंदिरे व चर्चे यांच्यासाठी. पण सुताराच्या पाचरीलाही ती लागू पडते असे आम्हांस वाटले.

अर्थात सगळ्याच अवजारांना एक न्याय लावता येत नाही. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्या जहाजातून सुतारांची अवजारे मिळाली, त्यांत रंधेही आहेत. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथेही रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत. संत योसेफाच्या हाती चित्रकार रंधा देतात तेव्हा ते केवळ कल्पनेने देत नाहीत. त्या काळी हे अवजार होतेच. अशा वस्तूंना पुन्हा धार लावावी असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराची साक्ष बदलायची नसते.

आपल्याकडेही असे राखलेले धन आहे. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले व १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील अडकित्ते, दिवे, कुलपे पाहताना आपल्याच आजीच्या घरात शिरल्यासारखे वाटते. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कणेरीचा सिद्धगिरी मठ लागतो; तेथील ग्रामजीवन संग्रहालयात सुतार, लोहार, कुंभार असे सारे बलुतेदार पुतळ्यांच्या रूपाने कामात दंग असलेले दिसतात. मुले ते पाहून हरखतात. पण तेथून परतताना आमच्या मनात नेहमी एक चुटपुट राहते: त्या सुताराचा रंधा कधीच पुढे सरकत नाही.

याउलट आपल्या घरातील काही वस्तू अशा आहेत, की ज्यांची दुरुस्ती म्हणजेच त्यांचे जगणे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात. तिने भांड्याचे जुनेपण नाहीसे होते असे कोणी म्हणत नाही. जात्याला टाकी लावून घेतात. दर टाकीने दगड झिजतो, पण टाकी न लावलेले जाते दळत नाही. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला आमचे बेळगाव आणि धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही आहेत. निपाणी-अथणीच्या बाजूस ती चप्पल करणाऱ्या कारागिराच्या हाती पाहा. रापी पाजवून पाजवून आखूड होते. त्याला तिचे दुःख नसते, कारण तिचे काम पुढच्या रापीने उचललेले असते.

तिसरा प्रकार अवजाराचे रूपच पालटण्याचा. हल्ली महामार्गावरच्या उपाहारगृहांत बैलगाडीचे चाक छताला टांगून त्यात विजेचे दिवे लावतात. जात्याच्या तळीचे मेज होते, समईला भोक पाडून तार ओवली जाते. यात सर्वस्वी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. भंगारात जाण्यापेक्षा दिव्याखाली राहणे बरे. परंतु एकदा पाडलेले भोक बुजत नाही.

शेवटी आम्हांस वाट सापडली ती येथेच. जे केले असता पुढे मागे फिरता येईल ते आधी करावे. जे केले असता मागे फिरता येणार नाही ते शक्य तोवर करूच नये. ही मेख लक्षात आल्यावर घरातील वाद निम्मा मिटला.

प्रथम गंज. तांबडा, सुटा गंज शिवणयंत्राच्या तेलात भिजवून जाडसर कापडाने पुसून काढला. त्याखालचा काळसर थर तसाच ठेवला, कारण तो थर लोखंडाला खात नाही, उलट थोडेफार झाकतो. शिरक्यात रात्रभर बुडवून पाते लखलखीत करावे असे कोणी सुचविले. पण आंबट पदार्थ गंजाबरोबर ठशाची अक्षरेही खातो. विजेच्या सहाणेला तर आम्ही स्पष्ट नकार दिला. आमच्याच घरची एक पटाशी मागे एका दुकानी धार लावण्यास दिली होती. ती परत आली तेव्हा कडेला निळी झाक होती. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तसा निळा रंग चढतो. त्याचे पाणी उतरते आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही.

पुढच्या टोकाची चीर सरसाने सांधली. आजचा पांढरा डिंक अधिक पक्का बसतो हे खरे. पण सरसाने जोडलेले ऊब आणि ओल दिल्यास पुन्हा सोडविता येते. लाकडाला रोगण दिले नाही. जवसाचे तेल अगदी थोडे, फडक्याने चोळले व उरलेले पुसून घेतले. येथे एक सूचना करून ठेवतो: जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेते. ते उघड्यावर पसरून वाळवावे.

आता पाचर आणि पाते. पुतण्याने फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी केल्या. फणस पिवळा, शिसव काळी. नवे कोणते हे आंधळ्यालाही सांगावे लागू नये. दोन अशासाठी, की जुने पाते धारेकडे जाड व वर पातळ होत गेलेले आहे, तर बाजारात मिळालेले नवे पाते सर्वत्र एकाच जाडीचे. एकाची पाचर दुसऱ्याला आवळत नाही. नवे पाते रंध्यात बसले. जुने तेल लावून, कापडात गुंडाळून, त्याच्या पाचरीसह पेटीत गेले. तळाला हात लावला नाही. लाकडाचा पहिला खडबडीतपणा काढण्याचे हे अवजार; त्या कामाला तळ आरशासारखा सपाट नसला तरी चालते. नवी मूठ बसविली नाही.

या निर्णयाने सर्वांचे समाधान झाले असे मात्र नाही. थोरल्या बंधूंना चकाकी मिळाली नाही. पुतण्या उजव्या हाताचा. डाव्या हाताने घडविलेला खळगा त्याच्या हाताला अजून परका वाटतो आणि आजोबांच्या पोलादाने साल काढण्याची त्याची हौस राहिलीच. आत्याबाईंनाही काही सोडावे लागले. रंधा घर सोडून बेळगावास गेला. उद्या त्या लाकडावर दुसऱ्या कोणाचा हात उमटेल, हे त्या जाणून आहेत. “उमटू दे,” एवढेच त्या म्हणाल्या; पण तो कापडात बांधून पुतण्याच्या हाती देताना त्यांनी त्या खळग्यावरून आणखी एकदा तळवा फिरविला. वारसा राखायचा म्हणजे प्रत्येकाने थोडे थोडे सोडायचे, असेच बहुधा असते.

तेव्हा, वाचकहो, आपल्या माळ्यावरची पेटी खाली आली तर घाई करू नका. प्रथम हे पाहा, की ही वस्तू आपल्या जातीची एकुलती एक आहे काय. असल्यास ती संग्रहालयाच्या जाणकारांना दाखवा आणि तोवर तिला पाणी, कागद, रोगण यांपैकी काहीही लावू नका. मग पाहा, की ते काम जाणणारा हात घरात आहे काय. असल्यास त्या हाताचा हक्क कपाटाच्या आधी. आणि काहीही करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती ती वस्तू द्या व थोडा वेळ गप्प बसा. जे ऐकाल ते एका कागदावर लिहा: अवजार कोणाचे, कोणत्या कामाचे, कोणता भाग जुना, कोणता नवा व कोणत्या वर्षी बसविला. तो कागद पेटीत ठेवा. लोखंड तेलाने टिकते, लाकूड वापराने टिकते. पण कोणाचा हात डावा होता ही गोष्ट सांगितल्यावाचून टिकत नाही.